लाल दिव्याकडे बघा

आमच्या मामांना सगळे तपासनीस म्हणतात, अर्थात पाठीमागे. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली आणि तेवढ्या काळात त्यांनी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवलेला मी पाहिला नाही. नवा कारागीर आला की त्याच्या हातात मुद्दाम एक खोट ठेवलेलं घड्याळ द्यायचे. खोट सापडली नाही, तर त्याला घरी पाठवायचे. मामी म्हणते, "मला बघायला आले तेव्हाही काहीतरी खोट ठेवलीच असणार, मला अजून सापडली नाही."

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. कामाचं भिंग ते याच डोळ्याला लावायचे. आत कृत्रिम भिंग बसलं, पण नंबर चुकला. लांबचं धूसर, जवळचं त्याहून धूसर. चष्मा लावला तर दोन डोळ्यांना दोन आकार दिसायचे आणि डोकं गरगरायचं. दुकान चार महिने बंद राहिलं. मामा रोज कुलूप उघडून नुसते बसून यायचे, ते मला बघवत नव्हतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "आतलं भिंग काढायला नको. त्याच्यापुढे दुसरं पातळ भिंग बसवू. त्याचा नंबर आता जो चष्म्याचा नंबर उरलाय, त्यावरून काढायचा. म्हणून काय दिसतं ते खरं सांगा."

मामांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बाहेर आल्यावर म्हणाले, "पहिला नंबर यांनीच काढला होता ना?" दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, कबूल. पण मामांनी तर ताक ढवळायलाच घेतलं.

तीन वेगवेगळ्या दिवशी तपासणी झाली. तिसऱ्या दिवशी मापं घेणाऱ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, मशीन तिन्ही दिवस अडीच सांगतंय. तुम्ही एकदा एक सांगता, एकदा चार. मुद्दाम करताय का?"

मामा खूश झाले. "सापडली तुम्हाला. बघत होतो, कळतं का ते."

मला जमीन दुभंगावी असं झालं. बाई मात्र शांतपणे जुनी फाइल काढून बसल्या. पहिल्या ऑपरेशनआधीचा कागद त्यांनी मामांच्या चांगल्या डोळ्यासमोर धरला. त्यावर तीनदा लिहिलं होतं, 'नजर स्थिर नाही.'

"लाल दिव्याकडे बघा म्हणत होते मी, आणि तुम्ही माझ्या संगणकाच्या पडद्याकडे बघत होतात. डोळ्याची लांबी चुकीची आली, म्हणून भिंगाचा नंबरही चुकला. तेव्हा मीही हट्ट धरायला हवा होता."

"तुम्ही काय लिहिताय ते बघत होतो," मामा म्हणाले. मग स्वतःच हनुवटी मशीनवर टेकवली आणि विचारलं, "दिवा कुठाय?"

दुसरं भिंग बसून दीड महिना झाला. दुकान उघडलं त्या दिवशी मी माझं मनगटी घड्याळ पुढे केलं. मामांनी मागचं झाकण काढलं, डोळ्याला भिंग लावलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"या स्क्रूची पार वाट लावलीय. कुठल्या आडमुठ्याकडे दिलं होतंस?"

"तुमच्याकडेच, मामा. मोतीबिंदू काढायच्या आधी."

त्यांनी पुन्हा वाकून पाहिलं. मग डबी उघडली, नवा स्क्रू शोधला आणि पहिल्याच फटक्यात बसवला.