धास्तीबाईंची डिश

प्रयोगशाळेत तिला सगळे धास्तीबाई म्हणत, आणि ते काही उगाच नव्हे. लावलेलं कुलूप ती पुन्हा पुन्हा ओढून बघायची, गॅस बंद केला की नाही या शंकेने अर्ध्या रस्त्यातून घरी परतायची. पण माणसाच्या त्वचेतून डेंड्रिटिक पेशी वेगळ्या काढाव्यात त्या तिनेच. या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. एरवी निपचित पडून असतात, परकं काही आत शिरलं की हात पसरून जाग्या होतात आणि बाकीच्यांना उठवतात.

या खेपेला काचेच्या डिशमध्ये तिच्या धाकट्या बहिणीच्या त्वचेतल्या पेशी होत्या. बहिणीचं शरीर स्वतःच्याच कातडीवर उलटलं होतं. अंगभर चट्टे, एकही औषध लागू पडेना. तिच्या पेशी काही कारण नसताना जाग्या होतात असं दिसलं, तर प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम तिला नव्या औषधाच्या चाचणीत घेणार होत्या. दंडाच्या कातडीचा तुकडा देताना बहीण कळवळली होती. "ताई, पुन्हा नाही हं मागायचं," असं तिने बजावलं होतं.

पेशी उबेत ठेवणाऱ्या इन्क्युबेटरचं दार एकदा लावलं की उगाच उघडायचं नाही, हा तिथला पहिला नियम. हलवाहलव होऊन पेशींचे पुंजके मोडले, तर त्या नुसत्या धक्क्यानेही जाग्या होतात. नवख्यांना हे दटावून सांगणारी धास्तीबाईच. पण आत आपल्या माणसाची डिश, तिचा जीव थाऱ्यावर राहीना. ऊब कमी पडली असेल का? बुरशी धरली असेल का? कुणाचं लक्ष नाही असं बघून तिने डिश काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. सगळं ठीक होतं. मग अजून ठीक आहे ना, हे बघायला पुन्हा काढली. असं दिवसभर चाललं.

तपासणीच्या दिवशी मॅडम सूक्ष्मदर्शकावरून हसतच उठल्या. "झाडून सगळ्या जाग्या! तुझ्या बहिणीला औषध सुरू करू या."

धास्तीबाईला दिवसभर पुन्हा पुन्हा काढलेली डिश आठवली. गप्प बसलं तर औषध मिळणार होतं. पण ते पहारेकऱ्यांनाच झोपवणारं औषध. बहिणीच्या पेशींचा दोषच नसेल, तर साध्या सर्दीनेही तिच्या जिवावर बेतलं असतं.

"मॅडम, त्या मी जाग्या केल्या असतील," ती म्हणाली. "मी डिश सारखी काढून बघत होते."

"तू? अगं, दारावरची 'उघडू नका' ही सूचना तुझ्या हातची आहे!" मॅडम कपाळाला हात लावून खाली बसल्या. "हा निकाल धरता येणार नाही. नवा तुकडा लागेल."

ती तडक बहिणीच्या घरी गेली आणि दारातच सगळं सांगून मोकळी झाली. बहीण भडकली. "तुला कशावरच कसा गं विश्वास ठेवता येत नाही?" म्हणत रडली. 

शेवटी बहिणीने डोळे पुसले आणि दुसऱ्या हाताची बाही वर सारली.

"घे. पण या वेळी डिश मॅडम सांभाळतील. तुला बघितल्याशिवाय राहवत नाही ना? मग इथे येऊन मला बघ. मला हवं तेवढं हलव."