तीस दिवस भलत्या कलमात

"भांडायचं ते छापायच्या आधी," असं बाई उठता-बसता म्हणायच्या. संसदेच्या विधेयक शाखेत त्या एकोणीस वर्षं प्रती ताडून बघत होत्या. शेजारचा वाचक मजकूर मोठ्यानं वाचायचा, बाई नव्या प्रतीवर बोट फिरवत दुरुस्त्या बसवायच्या. स्वल्पविरामही निसटत नसे, म्हणून सगळे त्यांना चाळणीबाई म्हणत.

वर्षाला तीन अधिवेशनं, आणि बाईंचं घरही त्यांच्याच तालावर चालायचं. अधिवेशन लागलं की पाहुणे बंद, आजारपण बंद. नवरा शिंपी. सुई ओवता ओवता विचारायचा, "आपल्या घरचं कामकाज कधी तहकूब होणार?" बाई हसायच्या, पण हात कशाशी तरी चाळा करतच राहायचे.

त्या अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता. चार वाजता भाडेकरूंच्या विधेयकावर मतदान. दुपारी डबा उघडला, मनातल्या मनात कलमांचे आकडे जुळवले आणि बाईंचा घास हातातच राहिला. विधेयक तपासणाऱ्या समितीनं सांगितलं होतं, कलम नऊमध्ये 'सात दिवस' काढून 'तीस दिवस' घाला. म्हणजे घर सोडायला भाडेकरूला महिना मिळेल. पण त्याच समितीनं वर एक नवं कलम घातलं होतं, त्यानं पुढचे सगळे आकडे एकेकानं सरकले. जुनं नववं आता दहावं झालं होतं, आणि बाईंनी तीस दिवस बसवले नव्या नवव्यात. तिथं घरमालकानं गळकं छप्पर सात दिवसांत दुरुस्त करायचं होतं. दोन्हीकडे सातच, म्हणून कुणाच्या डोळ्यात खुपलं नाही. आता छप्पर महिनाभर गळणार आणि माणूस आठवड्यात रस्त्यावर.

डबा तसाच टाकून त्या शाखाप्रमुखांकडे गेल्या. मुख्य तपासनीसाच्या जागेसाठी बाईंचं नाव त्यांच्याच टेबलावर पडून होतं. साहेबांनी दार लोटून घेतलं. शुद्धिपत्र काढायचं तर चूक कुणाची तेही लिहावं लागेल, म्हणाले. त्यापेक्षा पुढच्या खेपेला गुपचूप दुरुस्ती आणू, कुणाचं नाव येणार नाही.

"पुढचं अधिवेशन कधी, साहेब?"

"तीन महिन्यांनी. तारखा तुम्हालाच तर पाठ असतात, बाई."

"त्यात आठवडे किती बसतात, तेही पाठ आहे."

बाईंनी उभ्याउभ्याच शुद्धिपत्र लिहिलं, खाली स्वतःचं नाव घातलं आणि कागद पुढं सरकवला. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि सही केली. प्रती निघत होत्या तेव्हा वाचक म्हणाला, माझंही नाव घाला.

"तू वाचलंस ते बरोबर होतं," बाई म्हणाल्या. "बोट माझं चुकलं."

चाराला वीस मिनिटं कमी होती. गठ्ठा छातीशी धरून बाई लांब वऱ्हांड्यातून निघाल्या. शाखेच्या दारात साहेब उभे होते, त्यांच्या खांद्यामागं वाचक. सभागृहाच्या शिपायानं बाईंना ओळखून दार उघडेपर्यंत दोघंही जागचे हलले नाहीत.