पूर्ण मार्कांपुरतं पळणं

पहाटे आमच्या कॉलेजच्या मैदानावर या, तुम्हाला वाटेल हा अख्खा जिल्हा ऑलिम्पिकला निघालाय. उजाडायच्या आत पोरं-पोरी गोल गोल पळत असतात. कुणी अनवाणी, कुणी थोरल्या भावाचे बूट घालून, कुणी ओढणी कमरेला करकचून बांधून. मी इथे बऱ्याच वर्षांपासून कोच आहे आणि खरं सांगते, त्यात धावपटू एकही नसतो. सगळे पोलीस भरतीचे. शंभर मीटर, आठशे मीटर, गोळाफेक. ठरलेल्या वेळेत रेघ ओलांडली की पूर्ण मार्क, आणि त्याच्यापुढे कुणी एक पाऊल जोरात टाकत नाही. भरती झाली की बूट माळ्यावर जातात आणि दोन वर्षांत ढेरी पुढे येते.

या भरतीवाल्यांना बघून माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी दोनशे मीटरची. एके काळी देशाचा ब्लेझर अंगावर चढवलाय. तेव्हा प्रकाशा गावाजवळच्या आमच्या खेड्यात माझी उघड्या जीपमधून मिरवणूक काढली होती आणि ज्या काकांनी मला चड्डी घालून पळते म्हणून शिव्या घातल्या होत्या, तेच पुढच्या सीटवर फेटा बांधून बसले होते. आज मी कॉलेजात तासिका तत्त्वावर आहे. म्हणजे मैदानावर उभी राहीन तेवढ्या तासांचा पगार, सुट्टी लागली की घरी. दर जूनमध्ये नवा अर्ज, नवी मुलाखत. एकदा मुलाखतीत समोरच्या गृहस्थांनी विचारलं, “मॅडम, तुम्ही स्वतः कधी खेळलात का?” मी हो म्हटलं. ते म्हणाले, छान.

मग एक पोरगी याच भरतीच्या गर्दीतून आली. बीएच्या शेवटच्या वर्षाला, हॉस्टेलला राहणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी तिच्याकडे बघितलं ते एका साध्या कारणाने. शंभर मीटर संपल्यावर बाकीच्या पोरी आडव्या पडायच्या आणि ही शांतपणे उभी राहून वेणी घालत असायची. दम लागल्याचं नाव नाही. म्हणून मी घड्याळ लावलं. पूर्ण मार्कांची जी वेळ आहे, तिच्या जेमतेम आत आली. दुसऱ्या दिवशी समोरून वारा होता, तरी तेवढ्याच वेळात. मग पाऊस झाला. आमचं मैदान काळ्या मातीचं, पावसानंतर बूट उचलता उचलत नाहीत. तशातही तीच वेळ. मी घड्याळाकडे बघत राहिले. ही पोरगी हातचं राखून पळत होती, रोज, आणि तिला नेमकं ठाऊक होतं की किती राखायचं.

मी तिला बोलावलं. “आता खरं पळून दाखव.”

“खरंच पळते की, मॅडम.”

“मला शिकवू नको.”

ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. मग म्हणाली, “तेवढ्यालाच पूर्ण मार्क आहेत. जास्त पळून काय करायचं?” मी काही बोलायच्या आत हळूच पुढचं बोलली. “जोरात पळालं की भूक लागते, मॅडम. मेसला दुसऱ्यांदा वाढत नाहीत.”

मला तिच्यावर ओरडायचं होतं, ते राहूनच गेलं. दुसऱ्या दिवसापासून मी घरून डबा आणायला लागले. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी. पंधरवडा गेला आणि एका सकाळी मी पांढऱ्या फक्कीने रेघ मारली, तिला म्हटलं, मार्क विसर, मी थांब म्हणेपर्यंत पळ. ती पळाली. मी घड्याळाचं बटण दाबायचं विसरले. देशातल्या सगळ्यात वेगवान बायका मी शेजारच्या लेनमधून बघितल्या आहेत, त्यामुळे मला घड्याळाची तशी गरज नव्हती. ही माझ्याहून वेगवान होती. मला आनंद झाला आणि थोडी जळलेसुद्धा, दोन्ही एकाच वेळी.

त्या वर्षी विद्यापीठाच्या स्पर्धेत ती दोनशे मीटर अशी जिंकली, की दुसरी आलेली मुलगी तिच्याकडे बघत बसली. अखिल भारतीय स्पर्धेसाठी निवड झाली, दक्षिणेतल्या एका विद्यापीठात. कॉलेजात पेढे वाटले गेले. संस्थेच्या सचिवांना सगळे भाऊ म्हणतात. भाऊंनी मला केबिनमध्ये बोलावलं, पहिल्यांदाच बसा म्हणाले आणि स्वतःच्या हाताने पेढा दिला. “मॅडम, एक ऑल इंडियाचं मेडल आणा. तुमच्या पर्मनंटचं माझ्याकडे लागलं.” त्या रात्री मी नवऱ्याला काही सांगितलं नाही. सांगितलं तर खरं होणार नाही, असं उगाच वाटलं.

आणि मग तिचं भरतीचं हॉल तिकीट आलं. मैदानी चाचणी नेमकी त्याच दिवशी, ज्या दिवशी तिकडे दोनशे मीटरच्या हीट्स, म्हणजे पहिल्या फेऱ्या, होत्या. मी भरतीच्या कार्यालयात जाऊन आले. तिथल्या बाई नीट बोलल्या. म्हणाल्या, अर्ज द्या, वर पाठवते, पण तारीख बदलून मिळेल असा शब्द मी देऊ शकत नाही. मी अर्ज दिला. उत्तर आलं नाही.

दोन दिवसांनी तिची आई मैदानावर आली. ती नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर देठं खुडायला बसते. मिरची वाळायला मोकळ्या शेतात पसरतात, ती पथारी. हाताची आग होते म्हणून बाईने बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या आणि त्या सोडायच्या विसरून ती तशीच एसटीत बसली होती. मला म्हणाली, “म्याडम, पोरले एकदाव नोकरी लागी जाऊ द्या. मंग पयू द्या तिले, जितलं पयनं शे तितलं.” माझी बोलीही तीच, तरी मी फक्त मान हलवली.

पोरगी शेजारीच उभी होती. आई गेल्यावर तिने मला विचारलं, “मॅडम, तुम्ही तर देशाकडून पळालात ना? मग तुम्हाला पर्मनंट का नाही केलं?”

टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, “सगळ्यांचं होतंच असं नाही.” ती म्हणाली, “तुम्ही सांगाल तसं करते.”

ते आठ-दहा दिवस फार वाईट गेले. स्पर्धेला जा म्हणायला तोंड उघडलं की वाटायचं, हे कोण बोलतंय? मी, की माझी नोकरी? असा पाय मला आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण तिच्या मेडलात माझा पगार मिसळला होता आणि दोन्ही वेगळं करता येत नव्हतं. शेवटी मी तिला म्हटलं, भरतीला जा. त्यात मोठेपणा वगैरे काही नव्हता, मला तेव्हा सगळ्यांचा राग आला होता. भाऊंचा, तारखेचा, तिच्या आईचा आणि तिचासुद्धा. भाऊ हसले. म्हणाले, “हातातलं घालवलंत, मॅडम.” या वेळी बसा म्हणाले नाहीत.

भरतीच्या दिवशी मी आणि तिची आई मैदानाच्या जाळीला धरून उभ्या होतो. थंडी चांगलीच होती. पोरींची रांग पहाटेपासून बसलेली. आत गेल्यावर कुणाला नीट अंग गरम करायला वेळ मिळत नाही, त्याची मला काळजी नव्हती. हिला कुठे जोर लावायचा होता? झोपेत पळाली असती तरी पूर्ण मार्क होते. मी मनात म्हणत होते, तिकडे आत्ता हीट्स सुरू झाल्या असतील.

शंभर मीटरची शिट्टी वाजली आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावलालाच मला कळलं. ती राखून पळत नव्हती. आजवर मला जे दाखवलं होतं, ते आणि त्याच्याही वर काहीतरी घेऊन ती सुटली होती. बाकीच्या पोरी मागे कुठे राहिल्या ते दिसेना. मी जाळी हलवत ओरडले, “शाब्बास!” आणि तेवढ्यात तिचा हात मांडीच्या मागे गेला.

रेघ तिने जवळजवळ एका पायावर ओलांडली. तिथे पूर्ण मार्क मिळाले. गोळा कसाबसा फेकला. मग आठशे मीटर. ती लंगडत पळत राहिली आणि ज्या पोरी माझ्या मैदानावर कधी तिच्या आसपास नव्हत्या, त्या एकेक करून पुढे गेल्या. तिची आई विचारत होती, “काय व्हयनं? काय व्हयनं?” मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

गेटमधून ती बाहेर आली ती हसत. माझा हात धरून म्हणाली, “मॅडम, बघितलं ना? आज पूर्ण पळाले. तुमचं तिकडचं गेलं ना माझ्यामुळे, म्हणून.” मी बघितलं म्हटलं. दुसऱ्या बाजूने आई म्हणाली, “आते लागी जाई ना नोकरी, म्याडम?” मी तिलाही हो म्हटलं.

यादीत तिचं नाव आलं नाही. थोडक्यात हुकलं, आठशे मीटरच्या मार्कांनी. जूनमध्ये मी पुन्हा मुलाखतीला जाऊन बसले.

पाय बरा झाल्यावर आई तिला स्वतः घेऊन आली. मला वाटलं, आता बाई चार शब्द सुनावणार, आणि मी ऐकून घ्यायला तयार होते. तिचा आवाज चढला नाही. चिंध्या बांधलेला हात लेकीच्या पाठीवर ठेवून म्हणाली, “म्याडम, आते तिले हळू पयनं शिकाडा.”

तर सध्या मी तेच करते. तिचं कॉलेज संपलं, विद्यापीठाच्या स्पर्धा संपल्या, पुढची भरती निघायची आहे. ती रोज पहाटे येते, मी रेघेपाशी घड्याळ घेऊन उभी राहते. अर्ध्या अंतरावर कधी कधी तिचं अंग सगळं विसरतं, पावलं लांब पडायला लागतात. मग मी इकडून जीव खाऊन ओरडते, “हळू!” आणि ती लगेच ऐकते. मला रोज वाटतं, एकदा तरी हिने ऐकू नये.