मधात कागद कोन धरन?

"हे कशानं थांबते, सांग," असं म्हणत मास्तर हातातला कागद समोर आडवा धरीत. अमरावतीच्या कॉलेजात ते पदार्थविज्ञानाचे प्रयोग मांडून देत. अल्फा किरण कागदानं अडतात, बीटाला ॲल्युमिनियमचा पत्रा लागतो, गॅमाला जाड शिसं. हे त्यांनी दरवर्षी शिकवलं आणि वर्गाबाहेर माणसंही याच मापानं मोजली. माझी पत्रकं वाचून म्हणायचे, "तुह्या रागाले एक कागद पुरे, लेका." मला झोंबायचं. तुम्हालाही झोंबलं असतं.

अकोल्यात एका दुकानदारानं रेडियमच्या पाण्याचं मडकं मांडलं होतं. संधिवातावर रोज एक पेला. तिथं राहणारी माझी मावशी ते भक्तिभावानं पीत होती. माझं डोकं फिरलं. मी पत्रक लिहिलं: हे निव्वळ विहिरीचं पाणी आहे, लोकहो, तुम्हाला राजरोस फसवलं जात आहे. छापायला टाकण्याआधी शाबासकीसाठी मास्तरांकडे नेलं.

"मोजलं का?"

मावशीच्या फळीवर पडून असलेली त्या पाण्याची बाटली मी पुढे केली. मास्तरांकडे काचेच्या डब्यात सोन्याच्या वर्खाची दोन पानं होती. विजेचा भार दिला की ती फाकत, किरणं असली की मिटत. बाटली हलवून त्यांनी तिच्यातली हवा आत सोडली. पानं ढिम्म.

"झालं. साधं पानी," मी म्हणालो.

"बाटली कधीची?"

"असंन महिन्याची."

"मंग काय मोजलं आपन? मडक्यातल्या रेडियमचा वायू पान्यात उतरते. तो दर चार दिवसांत अर्धा होते. ताजं आन."

मी फणकाऱ्यानं अकोल्याला गेलो आणि मडक्यातलं पाणी घट्ट बुचाच्या बाटलीत भरून त्याच दिवशी परतलो. या वेळी पानं मिटली. पाण्यात रेडियमचा वायू खरोखरच होता.

"पन हा वायू अल्फाच सोडते, अन् अल्फा त कागदानंही अडते," मी पुटपुटलो.

"बाहेरून अडते. पोटात गेल्यावर मधात कागद कोन धरन?"

माझं पत्रक निघालं असतं, तर मावशी म्हणाली असती, साधंच पाणी आहे, पिऊ की. अन्यायाविरुद्ध लिहिणारा मी, तिला तेच पाजत राहणार होतो, आणि तेही मोठ्या टायपात.

रविवारी मास्तर स्वतः मावशीकडे आले.

"पन मले गुन येऊन राहिला, त्याचं काय?" तिनं विचारलं.

"गुनाचं मले नाही समजत, बाई. पन हे पानी मी माह्या घरात कोनाले देनार नाही."

मग पेल्यावर बोट टेकवून त्यांनी तिला समजावलं: चार दिवसांत अर्धं, पुढच्या चार दिवसांत अर्ध्याचं अर्धं. मावशीनं ऐकून घेतलं आणि पेला तिथंच पालथा घातला.

मी पत्रक नव्यानं लिहिलं. दुकानदारानं शिव्या घातल्या, पण मडकं उचललं. गावानं माझी पाठ थोपटली. ती पाठ माझी नव्हती, हे इथं लिहून ठेवतो.

मास्तर जाऊन आता सहा वर्षं झाली. मावशीच्या फळीवर तो पेला अजून पालथाच आहे. परवा म्हटलं, "आता त वापर, मावशी. सारं कधीच गेलं त्यातलं."

"अर्ध्याचं अर्धं होते म्हनत होते मास्तर," ती म्हणाली. "सरते असं कुठं म्हनले?"