तिघी चोर, तिघी पोटुशी

ते प्रकरण आठवलं की आजही माझी मान ताठ होते. एरवी निवृत्तीनंतर ती भाजीच्या पिशव्यांनीच वाकलेली असते.

ऐंशीच्या दशकाची अखेर. मी अंधेरीच्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याचा मुकादम तिथल्या कामगार बाईला घेऊन आला. तिच्या पिशवीत तांब्याच्या तारेचं रीळ सापडलं होतं. बाई सातव्या महिन्यात. "साहेब, मी चोरी नाही केली. नोकरी गेली तर बाळंतपण कुठे करू?" एवढंच म्हणत होती. पंचनामा झाला, मुद्देमाल जमा झाला. केस सरळ दिसत होती.

तेवढ्यात तिची सोबतीण, मालवणकडची बाई, पदर खोचून आत शिरली. "सायबानू, ह्यां चेडू चोर नाय! शेठान हिका धरून तिघींका चोर म्हणान काढल्यान. तिघीय पोटुशी!"

"मग?"

"मग काय? कामगार विम्याचो कायदो आता छोट्या कारखान्यांकाय लागतलो. बाळंतपणाचो खर्च नको म्हणान ही भानगड. आणि तो मुकादम! परवा सुट्टीत हिचां डोहाळेजेवण केलां, तर मेलो पोटभर जेवलो!"

मी मुकादमाला आत बोलावलं. दरडावणं मला कधी जमलं नाही. आवाज चढवला की खोकला यायचा. म्हणून चहा मागवला.

"बाई गरोदर आहे म्हणून काढायचं होतं का हो?"

"छे! ती तशी आहे हे मला इथे येऊन कळलं, साहेब. मी बायकांकडे बघत नाही."

"सज्जन आहात," म्हणत मी त्याच्या बशीत चहा ओतला. मग माझीच फजिती सांगितली. बायकोच्या डोहाळेजेवणात वाटीखाली पेढा निघाला, म्हणजे मुलगा होणार. मी नावही ठरवून बसलो, आणि झाली मुलगी! मुकादम खदखदून हसला. मी हसतच विचारलं, "हिला काय निघालं हो?"

"बर्फी, साहेब."

बशी त्याच्या हातात तशीच राहिली. हवालदार खिडकीबाहेर बघत हसू दाबत होते.

मग सगळं बाहेर आलं. रीळ त्यानेच पिशवीत टाकलं होतं. चोरीचा ठपका ठेवून काढलं की बाई काही मागत नाही, असं शेठने पढवलं होतं. पहिल्या दोघी पोलिसांच्या भीतीनेच निघून गेल्या होत्या.

गंमत म्हणजे खर्च विम्यातून होणार होता; शेठच्या खिशातून नुसती वर्गणी जायची. शेठने कायदा वाचलाच नव्हता. मी तरी कुठे वाचला होता? सरकारी कामगार अधिकाऱ्याने आम्हा दोघांना शेजारी बसवून समजावला.

फिर्याद जाणूनबुजून खोटी होती असा अहवाल कोर्टात गेला, आणि खटला शेठ-मुकादमावर उभा राहिला. कामगार अधिकाऱ्याने शेठला तिघींना परत घ्यायला लावलं. त्या कामावर परतल्या त्या सकाळी मी बंदोबस्ताच्या नावाखाली गेटवर होतो. पहारेकऱ्याने फाटक जरासं किलकिलं केलं. आतून मालवणी आवाज आला, "सगळां उघड रे! एकेक नाय, दोघां दोघां येतत!"

त्यानंतर कुणीही चोर समोर आणला की मी आधी बघायचो, याला चोर ठरवून कुणाचं काम होतंय? या सवयीने पुढे माझी अब्रू अनेकदा वाचली.

कायदा लागू झाला तेव्हा तिघींची नावं हजेरीपटावर होती. रीळ सापडलेल्या त्या बाईचं बाळंतपण विम्याच्या दवाखान्यात झालं. तिचा नवरा ते सांगायला ठाण्यात आला, तेव्हा हवालदारांसकट सगळे उठून उभे राहिले होते.