मामाचे तीन जीव

भर मे महिन्यात पाहुण्याला नागपुरात महिनाभर टिकवून धरील असा माणूस जगात एकच झाला, आणि तो माझा सख्खा मामा. या विधानाचं वजन कळायला नागपूरचा मे अंगावर घ्यावा लागतो. शहाणी माणसं त्या दिवसांत गाव सोडतात. ज्यांना सोडता येत नाही ती खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून कूलरच्या तोंडाशी बसतात आणि पावसाळ्यापर्यंत कसाबसा तग धरतात. आई आणि मी मात्र नाशिकचं बरं चाललेलं सोडून दरवर्षी मुद्दाम तिकडे जायचो. माझ्या आत्याचं घर पाचगणीला होतं. तिथे थंड हवा होती, आत्येभावंडं होती, रंगीत टीव्ही होता. मामाकडे यातलं काहीच नव्हतं, मूलबाळही नव्हतं. वडील नुसतं "यंदा पाचगणी" म्हणाले आणि ते कुणाकडून नागपूरला कळलं, की मामाची भूक मरायची, असं मामी सांगायची. पाचगणीला हरवणं हे त्यानं आयुष्याचं काम मानलं होतं. पाचगणीला याची गंधवार्ताही नव्हती.

आधी त्यानं जेवणाच्या जोरावर लढून पाहिलं. मामीच्या हातचा बेसनाच्या पाटोडीचा रस्सा असा, की पहिल्या घासाला माझ्या कानांतून वाफ आली आणि दुसऱ्या घासाला मी आईला गाडीचं तिकीट काढायला सांगितलं. मग तो मला रामटेकला घेऊन गेला. तिथल्या माकडानं माझा डबा नेला आणि मामा त्याला "अबे, पाहुणी आहे ते, नाशिकची," असं समजावत अर्धा डोंगर त्याच्यामागे गेला. डबा काही मिळाला नाही. शेवटी ऐंशीचं दशक सरत आलं त्या सुमारास मामाला कुठूनसं कळलं, की हल्ली पोरांना टीव्हीला जोडायचा खेळ दिला की ती जागची हलत नाहीत. परदेशी माल विकणाऱ्या कुणाकडून तरी त्यानं तसा खेळ मिळवला. पांढरा प्लॅस्टिकचा डबा, त्याला वायरीनं बांधलेले दोन रिमोट, आणि वरून खोचायची पिवळी कॅसेट. कॅसेटवर नाव होतं ते चिनी की जपानी लिपीत, त्यामुळे नाव ठेवायचा मान मामाकडे आला. खेळात उघड्या अंगाचे दोन दांडगट शिपाई बंदुका घेऊन जंगलातून धावायचे. मामानं त्याचं नाव ठेवलं 'मामा-भाची'.

हा खेळ आम्ही खेळायचो ती जागा मी पुढे कुणाला सांगितली तर लोकांना थाप वाटते. मामाचं घराणं विणकरांचं. नागपूरच्या पाचपावलीतल्या त्या घरात पुढच्या खोलीत हातमाग होता. आमच्याकडचा माग जमिनीत असतो, म्हणजे विणणारा जमिनीवर बसतो आणि पाय एका खड्ड्यात सोडून खालच्या पावड्या आळीपाळीनं दाबतो. हातमागाला दिवस राहिले नाहीत तेव्हा मामा इतवारीत एका कापडाच्या दुकानात गादीवर बसू लागला आणि माग मोडून लाकूड माळ्यावर गेलं. खड्डा मात्र त्यानं बुजवला नाही. त्या खड्ड्यात भर दुपारीही जमिनीचा गारवा असायचा. जिथे मागाचे उभे धागे ताणलेले असत तिथे आता टीव्ही आला, आणि आम्ही मामा-भाची खड्ड्याच्या काठावर शेजारी शेजारी बसून, पाय आत सोडून, हातात रिमोट घेऊन खेळायचो. पाचगणीतही पायांना इतकं गार वाटत नसेल. गंमत म्हणजे खेळ रंगला की मामाचे पाय आपोआप हलू लागायचे. डावा खाली, उजवा वर, उजवा खाली, डावा वर. हातात शिपायाची बंदूक आणि खाली नऊवारी लुगडं विणणं चालू. "मामा, पाय कशाला हलवतोस?" असं मी विचारलं तर तो पाय धरून ठेवायचा आणि त्या क्षणी त्याचा शिपाई दरीत पडायचा. म्हणून मी विचारायचं सोडून दिलं.

त्याच कॅसेटवर रणगाड्यांचा एक खेळ होता. त्यात आपल्या रणगाड्याची गोळी चुकून जोडीदाराला लागू शके. पहिल्याच दिवशी मामाची गोळी मला लागली. मामानं रिमोट खाली ठेवला, खड्ड्यातून वर आला, मला उभं केलं आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. "चुकी झाली वं. भाचीले गोळी मारली मी," म्हणाला. मी घाबरून आईकडे पळाले. तेव्हा आईनं सांगितलं, की आपल्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, भाची म्हणजे देवाच्या जागी. देवावर रणगाडा घालायचा म्हणजे काय. तो खेळ मामानं त्यानंतर कायमचा बंद केला. दोन माणसांनी एकमेकांना ठोसे मारायचा दुसरा एक खेळ होता, त्याचं तर चित्र पडद्यावर आलं तरी तो मान फिरवून घ्यायचा. मामा माझ्याविरुद्ध कधीच खेळला नाही. माझ्याबरोबरच खेळला, आणि म्हणून आमच्या सगळ्या उन्हाळ्यांची मिळून 'मामा-भाची' ही एकच गोष्ट उरली.

मामाकडचा टीव्ही काळा-पांढरा. कॅसेटवरच्या चित्रात एक शिपाई लाल विजारीचा होता आणि दुसरा निळ्या, पण मामाच्या टीव्हीवर दोघेही सारखेच राखाडी. मला आपला कोण ते उडी मारून कळायचं. मामाला ते फारच उशिरा कळायचं. एकदा त्यानं धबधब्याजवळच्या कड्यांवरून एकामागून एक अशा काही उड्या घेतल्या, की तो स्वतःवरच खूश झाला. मामीला स्वयंपाकघरातून हाका मारून बोलावलं. "पाह्य, कसा उडवून राहिलो मी." मामी पदराला हात पुसत आली, तिनं नीट पाहिलं आणि म्हणाली, "तुमचा तं कवाचा मेला. खाली पडला आहे तो. हे पोरगी खेळून राहिली." मामानं रिमोटकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "माझाच हात आहे तिच्या मागं."

आता जिवांविषयी. खेळात प्रत्येकाला तीन जीव मिळायचे. ते संपले की खेळ संपला. पण या खेळात एक सोय होती: एकाचे जीव संपले तर तो बटण दाबून जोडीदाराचा एक घेऊ शके. मला हे कळलं तेव्हा मी दबकतच विचारलं, घेऊ का. मामाला या विचारण्याचाच राग आला. "काहून विचारून राहिली? घे. मामाचा जीव भाचीनं नाई घ्यायचा तं कोणी घ्यायचा?" त्यानंतर मी बिनदिक्कत घेऊ लागले. पुष्कळदा मामाचे तीनही जीव माझ्याकडेच यायचे आणि तो रिकामा रिमोट हातात धरून, पाय हलवत, उरलेला खेळ माझ्या शिपायाला सूचना देत पाहायचा. एका दुपारी आमचा आवाज फारच चढला. "मेलो वं, मेलो. घे, आता माझा जीव घे," असं मामा म्हणत होता. शेजारच्या काकू तव्यावरची पोळी तशीच टाकून धावत आल्या. "काय झालं वं वहिनी? भाऊजीले कोण मारून राहिलं?" मामी तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "कोणी नाई. भाची जीव घेऊन राहिली." काकू दारात टेकल्या, आणि पोळी करपल्याचा वास येईपर्यंत तिथेच बसून पाहत राहिल्या.

या सगळ्यात एकच दुःख होतं. खेळाच्या शेवटी एका गुहेत एक मोठा राक्षस होता. त्याला मारलं की खेळ पुरा व्हायचा. मला तो शेवट पाहायचा होता. नाशिकला वर्गात एका मुलानं शेवट पाहिल्याची बढाई मारली होती आणि काय दिसतं ते काही केल्या सांगत नव्हता. मामा बाद झाला, की एकटी मी गुहेपर्यंत टिकायचेच नाही. दोघं असलो तर गुहेपर्यंत जायचो, पण आत कधी पोचायचो नाही. कारण दोघं खेळत असताना एक मागे राहिला तर पडदा पुढे सरकत नाही, आणि गुहा जवळ आली की मामा मागे राहायचा. एरवी माझ्यापुढे धावणारा हा माणूस तिथे आला की रेंगाळायचा. त्याला एकाएकी तहान लागायची. कूलरमध्ये पाणी टाकायचं आठवायचं. "थांब वं, घाई काहून करून राहिली?" म्हणून तो रिमोट मांडीवर ठेवायचा आणि दुकानातल्या कुण्या गिऱ्हाइकाची गोष्ट सुरू करायचा. तोवर लाइट जायची, नाहीतर वरून गोळ्या पडून आमचे सगळे जीव संपायचे. मी रुसायचे. मामा म्हणायचा, "राहू दे. पुढच्या उन्हाळ्यात मारू त्याले." आणि पुढच्या उन्हाळ्यात मी पाचगणीचं नावही न काढता नागपूरच्या गाडीत बसायचे, कारण राक्षस अजून जिवंत होता.

मग दहावी आली, क्लास आले, कॉलेज आलं. नोकरी, लग्न, पुणं. नागपूरला जाणं लग्नकार्यापुरतं उरलं, आणि मग मामी गेली तेव्हा एकदा. त्या वेळी पाहिलं तर पुढच्या खोलीत सगळीकडे गुळगुळीत फरशी होती. खड्डा कुठे होता ते बोट दाखवून सांगता येईना. मामाला आता खाली बसता येत नव्हतं, म्हणून खुर्ची आली होती. मी तिथे उभी राहिले आणि मला इतकं रडू आलं, की लोकांना वाटलं मामीसाठी रडते आहे. मामीसाठीही रडत होतेच.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीनं एका प्रदर्शनातून एक छोटासा डबा आणला. जुने खेळ त्यात शेकड्यांनी भरलेले. तिनं दोन-चार खेळून पाहिले, "आई, यात काय मजा यायची तुम्हाला?" असं विचारलं आणि फोनकडे वळली. रविवारची दुपार होती. मी एकटीच बसून यादी खाली सरकवत गेले आणि एकदम ते दोन शिपाई दिसले. चांगले लाल आणि निळे. सुरुवातीचं ते टिंगटिंग संगीत वाजलं आणि माझ्या बोटांना सगळं आठवलं, कुठे वाकायचं, कुठे थांबून गोळी चुकवायची. जंगल गेलं, धबधबा गेला. गुहा आली. मी सवयीनं तिथे थांबले. पण मागे कुणी नव्हतं, त्यामुळे पडदा आपला सरकत राहिला आणि मी आत गेले. राक्षस बघता बघता मेला. इतका दुबळा निघेल असं वाटलं नव्हतं. मग समुद्र दिसला, एक नाव आली, शिपाई तिच्यात बसला आणि नाव लहान लहान होत दिसेनाशी झाली. बस, एवढंच. मला आनंद व्हायला हवा होता. मला फार एकटं वाटलं.

मी मामाला फोन लावला. त्याला आता ऐकू कमी येतं, त्यामुळे ओरडावं लागतं. "मामा, तो खेळ संपला. मी राक्षसाला मारलं."

पलीकडे पंख्याचा आवाज मोठा होता. मला वाटलं त्याला ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "नाव येते न शेवटी?"

"तुला कसं माहीत?"

"तुम्ही गेल्यावर एकटा खेळत होतो न मी. पहिल्याच उन्हाळ्यात मारलं त्याले. तो शिपाई नावेत बसून निघून जाते. मले काही बरं नाई वाटलं ते. म्हणून तुले जाऊ देत नव्हतो तिथं."

इतकी वर्षं मला वाटत होतं, की बिचाऱ्या मामाला खेळता येत नाही.

"मंग आता कायले येशील तू?" मामा म्हणाला. हसत म्हणाला.

"तुला भेटायला येईन, मामा," मी ओरडून म्हटलं. फोनमध्ये डोकं घातलेली मुलगी दचकून माझ्याकडे पाहू लागली. "या उन्हाळ्यात नक्की येते."

मग मामा म्हणाला, "उन्हाळ्याची वाट काहून पाहून राहिली वं?"