खेकड्याचं भोक

ये गो, अशी जवळ बस. दारातूनच चौकशी करून पळायची ही कसली तुझी सवय? चहा ठेवलाय. आज ऐकूनच जा. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — घरधन्याला नाही, पोटच्या लेकीलाही नाही.

आमचं गाव पेणच्या खाडीकाठचं. एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भात, मधे मातीचा बांध. सासूच्या वेळी हा बांध गावाचा होता. घराघराला त्याचा तुकडा नेमून दिलेला. बांध फुटला, आमच्याकडे म्हणतात खांड गेली, की घरटी एक माणूस चिखलात उतरायचा आणि पुढच्या भरतीआधी खांड बुजवायची. भांडणं व्हायची की! पण भांडता भांडता चिखलाचे गोळे हातोहात पुढे सरकायचे. मग बांध सरकारकडे गेला. आम्हाला बरंच वाटलं — खोटं कशाला बोलू? कमरेची पीडा गेली.

फक्त सखू ऐकेना. सखू माझी शेजारीण, माझ्याच वर्षी लग्न होऊन आलेली. ती आपल्या जुन्या तुकड्यावर रोज सकाळी जायची, पायाने चाचपायची, भेगा लिंपायची. मी चिडवायचे, सरकारने नेमलंय काय गो तुला, पगार कधी? ती म्हणायची, पगार नाय, पण भात खाते ना.

आता सांगते. थांब जरा — सांगतेच.

मी बांधावर खेकडे धरायला जायचे. खेकडा उकरून काढला की भोकात चिकण चिखल कोंबायचा, टाचेने दाबायचा, मगच पुढे सरकायचं. सासूने पहिल्या पावसाळ्यातच शिकवलेलं. मी सांगतेय ते नव्वद साल उलटल्यावरचं. अमावास्येच्या आदल्या दुपारी सखूच्या तुकड्यावर मला एक मोठा खेकडा लागला. हात कोपरापर्यंत आत गेला. त्याला टोपलीत टाकला, भोकाकडे बघितलं, आणि मनात काय आलं सांगू? सरकारचा बांध. सरकार बुजवील. नाहीतर सखू आहेच.

घरी आले. कालवण केलं. चवीने खाल्लं.

त्याच रात्री उधाणाला खांड गेली. तिथेच. सगळे बांधावर उभे राहिलो, कचेरीतून कोणी येतंय का ते बघत. चिखलात कोणीच उतरलं नाही. मग पेणला जाऊन साहेबांपुढे ओरडलो — सगळ्यात मोठा आवाज कुणाचा? माझा. ठेकेदार येईपर्यंत दर भरतीला पाणी आत येत राहिलं, आणि खांड रुंद होत गेली. सखूचं शेत सगळ्यात जवळ. उन्हाळ्यात तिथे पांढरं मीठ फुललं.

एक दिवस ती माझ्या ओटीवर येऊन बसली. रडली नाही. म्हणाली, "माझीच नजर चुकली गो. सकाळी फिरून आले होते मी. दिसलं कसं नाय मला?"

बोलायची वेळ तीच होती, नाही का? मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "व्हय गो. ऱ्हातं एखादं."

समुद्र काय, दुसरीकडूनही शिरला असता, असं मी स्वतःला कितीदा सांगितलं. पण ते 'ऱ्हातं एखादं'? ते माझ्याच तोंडातलं.

सखू रोह्याकडे गेली, तिथल्या अष्टमी गावात खोली घेतली. नवरा कंपनीत शिफ्टला लागला. मागोमाग आळीतली बाकीची घरंही उठली. येणाऱ्याजाणाऱ्याजवळ ती निरोप धाडते, ये की एकदा. रेल्वे आहे, लांब ते काय? मी व्हय म्हणते. अजून गेले नाही. गेले तर ती चहा देईल, आणि पुन्हा म्हणेल, माझीच नजर चुकली.

एवढंच. तू काही बोलू नकोस. चहा निवला बघ तुझा. आळीत आता माझ्या एकटीच्याच घरी दिवा लागतो — पुन्हा ये गो लवकर. आणि आत येऊन बस.